झिरो प्रीमियमच्या आधी ते सहा महिने बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची डोंबिवलीची, गेली तीस-एकतीस वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहते, तुमचा पेपर रोज सकाळी चहाबरोबर फोनवर वाचते. परवा तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की अमेरिकेत पासष्टी झाली की सरकार म्हाताऱ्यांचं सगळं औषधपाणी फुकट करतं आणि आपल्याकडे ज्येष्ठांना कोणी विचारत नाही. ते वाचून मला हसू पण आलं आणि जरा वाईट पण वाटलं, कारण हेच वाक्य ऐकून आमच्या ओळखीतली कितीतरी मुलं आईवडिलांना ग्रीन कार्डवर बोलवतात आणि मग इथे आल्यावर फोन करतात की काकू हे पार्ट ए, पार्ट बी, ॲडव्हान्टेज काय भानगड आहे. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, काटछाट करायची तर करा पण ते सहा महिन्यांचं तेवढं ठेवा.

पहिलं म्हणजे फुकट काही नाही. मेडिकेअर, म्हणजे इथला पासष्टीच्या वरच्यांचा सरकारी आरोग्य विमा, १९६५ साली आलं, प्रेसिडेंट जॉन्सननी माजी प्रेसिडेंट ट्रुमनच्या गावी जाऊन सही केली आणि पहिलं कार्ड ट्रुमनलाच दिलं. त्यात पार्ट ए म्हणजे हॉस्पिटल, पार्ट बी म्हणजे डॉक्टर, टेस्ट, बाहेरून करायची ट्रीटमेंट. इथे दहा वर्षं, म्हणजे चाळीस क्वार्टर (तिमाह्या), टॅक्स भरून नोकरी केली असेल (स्वतः किंवा नवऱ्याने-बायकोने) तर ए ला प्रीमियम नाही. पण बी ला आहेच, २०२५ ला महिना १८५ डॉलर होता, २०२६ ला २०२.९०. आणि बी मधे सुरुवातीचं डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची ठराविक रक्कम) भरलं की सरकार ८० टक्के देतं, २० टक्के आपले, आणि त्या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. कॅन्सरची ट्रीटमेंट दोन लाख डॉलरची झाली तर वीस टक्के किती ते तुम्हीच काढा. दात, चष्मा, कानाचं मशीन यातलं जवळजवळ काहीच त्यात नाही.

म्हणून पासष्टीला दोन रस्ते असतात. एक, सरकारचं ओरिजिनल मेडिकेअर ठेवायचं, त्याला औषधांचा पार्ट डी जोडायचा, आणि त्या २० टक्क्यांसाठी खाजगी कंपनीचं सप्लिमेंट घ्यायचं, कागदावर मेडिगॅप म्हणतात. दुसरा, ॲडव्हान्टेज, म्हणजे पार्ट सी. यात सरकार तुमच्या वतीने खाजगी कंपनीला दर महिन्याला ठराविक रक्कम देतं आणि ए, बी, बहुतेक वेळा डी पण, सगळं ती कंपनी सांभाळते. ही खाजगी वाट तशी जुनी आहे, १९९७ मधे तिला मेडिकेअर प्लस चॉइस असं नाव होतं, २००३ च्या कायद्याने ॲडव्हान्टेज झालं. आता निम्म्याहून जास्त लोक यातच आहेत. आम्ही दोघं पण.

आम्ही कसे गेलो ते सांगते. २०१८ ला हे पासष्ट झाले आणि रिटायर झाले. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या बाहेर फराळाच्या टेबलाशेजारीच एका एजंटचं टेबल होतं, मुलगा ओळखीतला, गोड बोलणारा, मराठीत समजावून सांगत होता. झिरो प्रीमियम, वर्षाला दोनदा दातांचं क्लिनिंग, चष्म्याला दोनशे डॉलर, जिम फुकट, दर तीन महिन्यांनी केमिस्टच्या दुकानातून साठ डॉलरच्या गोळ्या-बाम-बँडएड. आता मला सांगा, डोंबिवलीतून आलेल्या माणसाला बाम फुकट म्हणल्यावर कोण नाही म्हणणार. यांनी तिथेच फॉर्म भरला, मी २०२० ला पासष्ट झाले तेव्हा त्याच प्लॅनमधे मी पण गेले, विचारसुद्धा केला नाही. आमचे धाकटे दीर पार्सिपनीला असतात, त्यांनी मात्र ओरिजिनल आणि सप्लिमेंटचा प्लॅन जी घेतला (सप्लिमेंटच्या प्लॅनना अशी अक्षरांचीच नावं असतात). दीडशेच्या आसपास सुरू झालं होतं, आता दोनशेच्या वर गेलंय, शिवाय डी चा वेगळा. आम्ही दर गणपतीला त्यांची चेष्टा करायचो की भाऊजी, तुम्ही कंपनीला दरवर्षी एक बांगडी करून घालताय.

त्या मुलाला मी दोष देत नाही, तो खोटं एकही अक्षर बोलला नाही. पण तो जे बोलला नाही तेच महत्त्वाचं होतं. एजंट आपल्याकडून फी घेत नाही, कंपनी त्याला देते, २०२५ साठी ॲडव्हान्टेजच्या नव्या माणसामागे देशातल्या बहुतेक राज्यांत ६२६ डॉलरपर्यंत आणि आमच्या न्यू जर्सीत त्याहून जास्त, आणि पुढे दरवर्षी निम्मे. सप्लिमेंटवर पण मिळतं, नाही असं नाही. पण टेबलावर दातांचं ब्रोशर वर होतं आणि सप्लिमेंटचं मला तरी आठवत नाही.

तर ते सहा महिने. पासष्टीला पार्ट बी सुरू झाला की त्या महिन्यापासून सहा महिने कुठलीही सप्लिमेंटची कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. डायबेटीस असो, बायपास झालेली असो, कॅन्सर असो, तोच प्लॅन, त्याच दरात. सहा महिने संपले की बहुतेक राज्यांत कंपनी तब्येतीचे प्रश्न विचारू शकते, जास्त पैसे मागू शकते, सरळ नको म्हणू शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन या चार राज्यांत नंतरही घेता येतं, न्यू जर्सीत नाही. नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कच्या क्वीन्सला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला जे मिळतं ते मला मिळत नाही, मधे फक्त एक टनेल आणि टोल. एक आणखी सवलत असते, पासष्टीला पहिल्यांदाच ॲडव्हान्टेज घेतलं आणि बारा महिन्यांच्या आत पटलं नाही तर परत फिरता येतं आणि सप्लिमेंट पण मिळतं. हे मला सहा वर्षांनी कळलं.

लोक म्हणतात दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर बदलता येतं की. येतं ना. ॲडव्हान्टेज सोडून ओरिजिनलला कोणीही जाऊ शकतं, सरकार अडवत नाही. पण तिथे गेल्यावर त्या २० टक्क्यांसाठी सप्लिमेंट देणारं कोणी नसेल तर उघड्यावरच बसायचं. आमचं तेच झालं.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही भारतातून येऊन दहाच दिवस झाले होते, हे सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याला लावायला गेले, ड्राइव्हवेवर पातळ बर्फ, काळा, दिसत नाही तसा, आणि सटकले. खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स, ऑपरेशन सगळं नीट झालं, त्यात प्लॅनने काही खळखळ केली नाही हे पण सांगायला पाहिजे. हॉस्पिटलचे दिवसाला ३७५ असे पाच दिवसांचे पैसे आम्ही भरले. खरी गंमत पुढे. सर्जन म्हणाले आता रिहॅबला (ऑपरेशननंतर फिजिओ देऊन पुन्हा चालतं करेपर्यंत ठेवतात ते केंद्र) पाठवा, बेड पण तयार होता, पण प्लॅनची मंजुरी यायची होती आणि नेमका शुक्रवार. शनिवार रविवार हे हॉस्पिटलच्या कॉटवर नुसते पडून, फिजिओ दिवसातून एकदा यायचा आणि दोन पावलं चालवून जायचा. मंगळवारी मंजुरी आली. दिरांना मी फोनवर सांगितलं तर ते म्हणे त्यांच्या सासुरवाडीच्या एका वहिनीला असंच झालं होतं, तिचं ओरिजिनल होतं, तिला कोणाची मंजुरी लागली नाही, तीन दिवस हॉस्पिटलमधे ॲडमिट काढले आणि चौथ्या दिवशी रिहॅब.

त्या तीन दिवसांची पण मेख आहे, ओरिजिनलमधे रिहॅबच्या आधी तीन दिवस ॲडमिट असावंच लागतं, ओरिजिनलवाल्यांनी ऐकून ठेवा. तीन रात्री बेडवर झोपलात म्हणजे ॲडमिट झालात असं नाही, कधी कधी हॉस्पिटल कागदावर ऑब्झर्व्हेशन लिहितं, मग ते दिवस धरत नाहीत आणि रिहॅबचं सगळं बिल तुमच्या गळ्यात. म्हणजे सरकारी गाडी पण काही पुष्पक विमान नाही.

असो. रिहॅबला यांना तेरा दिवस झाले होते. शुक्रवार दुपारचे चार, मी यांना मऊ भात भरवत होते आणि तिथली सोशल वर्कर एक कागद घेऊन आली, सही करा म्हणाली. मला वाटलं जेवणाचा मेनू असेल, तसाच द्यायचे ते. मी पेन घेतलं सुद्धा. तेवढ्यात सूनबाई आली, तिने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली आई थांबा. त्यात लिहिलं होतं की रविवारनंतर प्लॅन इथले पैसे देणार नाही. कारण काय तर पेशंटची प्रगती चांगली आहे. तोपर्यंत यांना वॉकर धरून दोन पायऱ्या चढता येत होत्या. आमच्या घरात बेडरूमला जायला तेरा पायऱ्या आहेत, मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मान्य नसेल तर आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत या नंबरला फोन करा. आदला दिवस म्हणजे उद्याच, शनिवार. सही फक्त कागद मिळाल्याची असते, मान्य असल्याची नाही, पण हे कोणी बोलत नाही. सकाळी नऊला सूनबाईने फोन लावला. ती कंपनीच्या बाहेरची, मेडिकेअरने नेमलेली संस्था असते, ते रिहॅबकडून कागद मागवतात आणि त्यांचा डॉक्टर बघतो. फिजिओने चांगलं लिहिलं होतं, घरी किती पायऱ्या, घरात दुसरं कोण, बायको किती वर्षांची आणि तिला उचलता येईल का. रविवारी संध्याकाळी निरोप आला, अपील मान्य, चालू ठेवा. अजून नऊ दिवस मिळाले. मग दुसरा कागद आला तसाच. दुसऱ्या वेळेला आमच्यात भांडायचं त्राण नव्हतं, यांना घरी आणलं आणि हॉलमधे कॉट टाकली. दीड महिना हे हॉलमधेच झोपले, टीव्हीसमोर.

हे सगळं आमच्याच नशिबाला आलं असं मला वाटायचं, पण नाही. केएफएफ म्हणून इथे आरोग्याच्या आकडेवारीवर काम करणारी संस्था आहे, त्यांनी २०२३ चा हिशोब काढला होता. ॲडव्हान्टेजच्या प्लॅनकडे त्या वर्षी जवळजवळ ५ कोटी प्रायर ऑथ म्हणजे आधी मंजुरीच्या विनंत्या गेल्या, त्यातल्या ६.४ टक्के पूर्ण किंवा थोड्या नाकारल्या. तुम्ही म्हणाल सहाच टक्के ना. पण नाकारल्यावर अपील केलं फक्त ११.७ टक्के लोकांनी, आणि ज्यांनी केलं त्यातल्या ८१.७ टक्के वेळा निर्णय पूर्ण किंवा थोडा फिरला. दहातल्या आठ जणांना मिळतं आणि दहातले नऊ जण मागतच नाहीत. सरकारच्याच आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने (तपासनीस) नाकारलेल्या केसेस तपासून २०२२ मधे अहवाल दिला, त्यातल्या १३ टक्के ओरिजिनल मेडिकेअरच्या नियमात बसत होत्या, म्हणजे तिथे असते तर मिळालं असतं. आपल्या लोकांना तर अपील शब्दच कोर्टाचा वाटतो. यांचं पण तेच, कशाला नसत्या भानगडी, घरी जाऊ. सूनबाई इथे जन्मलेली, तिला ते माहीत होतं म्हणून निभावलं.

मग त्या ऑक्टोबरला ठरवलं की आता ओरिजिनलला जाऊ आणि सप्लिमेंट घेऊ, पैसे लागू देत. तीन कंपन्यांना विचारलं. पहिलीचा फॉर्म तब्येतीच्या प्रश्नांनी दोन पानं भरलेला. इन्सुलिन आहे का, आहे. स्टेंट आहे का, २०२१ ला एक घातलाय. गेल्या दोन वर्षांत हॉस्पिटलमधे होतात का, होते ना. दहा दिवसांनी पत्र, क्षमस्व. दुसरीने फोनवरच सांगितलं की फॉर्म भरायचा त्रास घेऊ नका. तिसरी जे प्रीमियम म्हणाली ते ऐकून हे म्हणाले एवढ्यात तर दरवर्षी पुन्हा हाड मोडून घेता येईल. माझ्या बाबतीत कदाचित झालं असतं, मला बीपीशिवाय काही नाही, पण एकाने इकडे आणि एकाने तिकडे या वयात कुठे नाचायचं म्हणून मी पण राहिले. राहिलोय तिथेच.

हिशोब प्रामाणिकपणे सांगते नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती रडतेय. त्या एका वर्षात आमचे चार हजारांच्या वर गेले, हॉस्पिटल, नंतरचे फिजिओचे प्रत्येक वेळी चाळीस, रिहॅबचे वीस दिवसांनंतरचे रोजचे. दिरांना याच आजारपणात बी चं डिडक्टिबल सोडलं तर काही लागलं नसतं. पण आधीची सहा वर्षं आमचे दरवर्षी दोन-अडीच हजार वाचले ते पण खरंच. ॲडव्हान्टेजला वर्षाची वरची मर्यादा असते, २०२६ ला नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनच्या यादीतल्या, डॉक्टरांसाठी ९,२५० च्या वर कुठलाही प्लॅन मागू शकत नाही, बऱ्याच प्लॅनची त्याहून कमी असते. नुसतं ओरिजिनल आणि सप्लिमेंट नाही यापेक्षा ॲडव्हान्टेज शंभर पटीने बरं. ज्यांना दोनशे-अडीचशे डॉलर महिना झेपणार नाही त्यांनी बिनधास्त घ्यावं, इथे एकट्या राहणाऱ्या, सोशल सिक्युरिटीवर (सरकारी पेन्शनवर) भागवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यांना तो दातांचा आणि गोळ्यांचा आधार खरा आहे. माझं भांडण पैशांशी नाहीच, निवडताना कोणी सांगितलं नाही याच्याशी आहे. आम्ही पासष्टीला निवडलं ते चालत्या-फिरत्या माणसाच्या गरजा बघून, जिम काय आणि चष्मा काय.

आता कंपन्यांना हे परवडतं कसं म्हणाल तर त्याची पण गंमत बघा. सरकार माणशी जे पैसे देतं ते माणूस जितका आजारी कागदावर तितके जास्त. म्हणून प्लॅनकडून दरवर्षी फोन येतो, नर्स घरी पाठवतो, फुकट चेकअप, वर पंचवीस डॉलरचं गिफ्ट कार्ड. गेल्या वर्षी आली होती बाई, स्वभावाने छान, मी तिला पोहे दिले. तासभर प्रश्न विचारले, यांच्या पायाच्या बोटाला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं काहीतरी लावलं, मशीनवर आलेख काढला आणि पायाच्या रक्तवाहिन्यांचा एक आजार लिहून गेली. आम्ही घाबरून आमच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पाय बघितले, नाडी बघितली, म्हणाले असं काही नाहीये, चालत रहा. मग गोळी? काही नाही. पुढची तपासणी? काही नाही. आजार कागदावर लिहिला तो लिहिलाच. मेडपॅक म्हणून काँग्रेसला (इथली संसद हो, आपली काँग्रेस नव्हे) सल्ला देणारी कमिशन आहे, त्यांचा अंदाज असा की हीच माणसं ओरिजिनलमधे असती तर जेवढा खर्च आला असता त्याच्यापेक्षा २०२५ मधे सरकार ॲडव्हान्टेजवर २० टक्के, म्हणजे ८४ अब्ज डॉलर, जास्त घालत होतं. एक तर असे आजार लिहून आणि दुसरं म्हणजे मुळात जरा धडधाकट लोकच तिकडे जातात म्हणून. आमचा बाम त्यातूनच येतो.

आता आपल्या मराठी माणसांचा जो खास प्रश्न आहे तो. आपण थंडीत भारतात जातो. ओरिजिनल मेडिकेअर भारतात चालत नाही, एक पैसा देत नाही (अगदी एखाद-दुसरा अपवाद सोडून, तो कॅनडाच्या बॉर्डरवाल्यांच्या कामाचा). सप्लिमेंटचे जी, एन वगैरे प्लॅन परदेशात इमर्जन्सीला ८० टक्के देतात, आधी २५० डॉलर आपले, ट्रिपच्या पहिल्या साठ दिवसांतच, आणि आयुष्यभरात मिळून ५० हजार डॉलर. काही ॲडव्हान्टेज प्लॅनमधे जगभर इमर्जन्सी असते, आमच्यात आहे. २०२२ ला मला डोंबिवलीत डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट, बिल आपणच भरायचं आणि नंतर क्लेम. डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांच्या अक्षरातलं, बिलावर नुसतं मेडिसिन चार्जेस म्हणून एक आकडा. इथली बाई म्हणे आयटम वाइज पाहिजे. भाच्याला दोनदा हॉस्पिटलमधे पाठवलं. पाच महिन्यांनी पैसे आले, थोडे कापून, पण आले.

आणि सहा महिन्यांची दुसरी एक अट, ही वेगळी बरं का. ॲडव्हान्टेज प्लॅन हा तुमच्या काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) असतो. त्या भागाच्या बाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर प्लॅनला तुम्हाला काढावं लागतं, काही प्लॅन प्रवाशांना थोडी जास्त सूट देतात, पण बहुतेकांचं असंच. आमच्या गल्लीतल्या एक आजी नातीच्या लग्नाला नाशिकला गेल्या, मग तिकडे गुडघा दुखायला लागला, मग म्हणाल्या आंबे खाऊनच येते. सात महिने झाले. मुलाने साध्या मनाने प्लॅनला फोनवर सांगितलं की आई इंडियात आहे, जून महिन्यात पत्र, तुमचं नाव कमी केलं. ओरिजिनलवर आल्या आपोआप, पण औषधांचा पार्ट डी गेला ना त्याच्याबरोबर, तो सलग त्रेसष्ट दिवस किंवा जास्त नसला तर दंड लागतो, पुढे जन्मभर प्रीमियममधे लागून येतो. दिरांचं तसं नाही, ओरिजिनल काउंटी बघत नाही, मेडिकेअर घेणारा डॉक्टर कॅलिफोर्नियात असो की टेक्सासला. त्यांची मुलगी ह्यूस्टनला आहे, तिकडे दोन महिने राहतात तेव्हा तिथल्याच डॉक्टरकडे जातात. आम्हाला लेकाकडे बोस्टनला गेलो की ईआर (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग) आणि अगदी तातडीचे उपचार सोडून काही नाही.

आता तुमच्या महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, ज्यांची मुलं आई-बाबा ग्रीन कार्ड घ्या म्हणून मागे लागलीत. तुम्ही इथे नोकरी केलेली नसेल तर आल्या दिवशी मेडिकेअर मिळत नाही. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर विकत घेता येतं, म्हणजे दरवर्षी सहा-सहा महिने पुण्याला राहणार असाल तर सलगचा प्रश्न येतो. आणि विकत म्हणजे ए चे २०२६ ला महिना ५६५ आणि बी चे २०२.९०, माणशी पावणेआठशे डॉलर, दोघांचे दीड हजाराच्या वर. दर महिन्याला. बरेच जण म्हणून नुसता बी घेतात, घेता येतो, पण मग ॲडव्हान्टेज मिळत नाही आणि सप्लिमेंटही नाही, दोन्हीला ए आणि बी दोन्ही लागतात, आणि हॉस्पिटलमधे ॲडमिट झालात तर ते बिल तुमचंच. बी वेळेवर घेतला नाही तर प्रत्येक पूर्ण वर्षाला १० टक्के दंड, तो पण कायमचा. मुलांना हे माहीत असतंच असं नाही, त्यांचा इन्शुरन्स ऑफिसचा, तो पण ते न वाचता घेतात. टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्यांना तर यातलं काहीच नाही, फक्त ट्रॅव्हल इन्शुरन्स.

आणि आपल्याकडे कोणी विचारत नाही असं त्या पत्रात होतं, तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे की. माझ्या मोठ्या बहिणीने काढलंय कार्ड. ते हॉस्पिटल यादीत आहे का, ते खरंच बेड देतात का, हा प्रश्न तिकडेही तोच. मला आता यादी हा शब्द ऐकला की धडकी भरते. आमचे हृदयाचे डॉक्टर यावर्षी मे महिन्यात आमच्या प्लॅनच्या यादीतून बाहेर पडले. वर्षाच्या मधे डॉक्टर जाऊ शकतो, आपण साधारण जाऊ शकत नाही, आपल्याला ऑक्टोबरची वाट बघायची.

आणि जाता जाता, ओरिजिनलवाल्यांनी पण फार खूश होऊ नका. २०२६ च्या जानेवारीपासून न्यू जर्सीसकट सहा राज्यांत ओरिजिनलमधेही काही ठराविक ट्रीटमेंटसाठी आधी मंजुरीचा प्रयोग आहे. दिरांना हे मी परवाच सांगितलं, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

माझी मागणी अशी काही सरकारकडे नाही, माझं कोण ऐकतंय. मागणी इथल्या आपल्या मराठी मंडळांकडे आहे. एजंटचं टेबल लावा, त्याने हॉलचं भाडं निघतं हे मला माहीत आहे, मी पण चार वर्षं खजिनदार होते. पण शेजारी एक टेबल शिप च्या माणसाचं पण लावा. शिप म्हणजे राज्याची फुकट सल्ला देणारी सोय, प्रत्येक राज्यात आहे, कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात, तिथल्या माणसांना कमिशन नसतं. आमच्याइथे काउंटीच्या ऑफिसात एक रिटायर्ड शाळामास्तर बसतात, मी मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले तर त्यांनी पाऊण तास घालवून यांच्या सगळ्या गोळ्यांची नावं कॉम्प्युटरवर टाकली आणि प्लॅन बदलून दिला, त्याच काउंटीतला दुसरा ॲडव्हान्टेज, ज्यात हृदयाचे डॉक्टर आहेत. दातांचं यात कमी आहे. गोळ्यांच्या खर्चाला आता वर्षाची मर्यादा आहे, २०२६ ला २,१०० डॉलर, हे पण त्यांनीच सांगितलं. निघताना मी विचारलं, २०१८ ला आम्ही तुमच्याकडे आलो असतो तर? ते म्हणाले त्या दिवशी ऑफिस उघडंच होतं.

जमलं तर हे पत्र ७ डिसेंबरच्या आत छापा. आमच्या जावेची धाकटी बहीण मार्चमधे पासष्टीची होतेय, ती पण तुमचा पेपर वाचते आणि माझं फोनवर ऐकत नाही, छापून आलं तर वाचेल.

आपली,
एक जुनी वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ मुक्काम डोंबिवली पूर्व)